दुवा हवी, लेकरू नको!

तृतीयपंथीयांकडे पाहण्याचा समाजाचा दृष्टिकोन आता बदलला आहे, असे अलीकडे व्यासपीठांवरून आणि वर्तमानपत्रांतून वारंवार सांगितले जाते. आजोबांची पिढी अडाणी होती, बापाची पिढी भित्री होती आणि आताची पिढी शहाणी झाली, असा हा हिशेब आहे. आम्हाला तो मान्य नाही. शब्द बदलले हे खरे. कायदा बदलला, डॉक्टरांची पुस्तके बदलली, सिनेमाही बदलला. घराचा उंबरठा मात्र जिथे होता तिथेच आहे. आणि समज बदलली की नाही, हे व्यासपीठावर नव्हे, उंबरठ्यावर तपासायचे असते.

आम्ही हे पुण्या-मुंबईत बसून लिहीत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले इंझोरी हे आमचे गाव. वाशीम हा जिल्हाच मुळी १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघालेला. कापूस, तूर आणि सोयाबीनवर जगणारा हा मुलूख. आमच्या मोहल्ल्यात घरात हिंदी-उर्दूची मिसळ बोलली जाते आणि घराबाहेर वऱ्हाडी. इथे 'लिंगभाव' हा शब्द कोणी उच्चारत नाही. पण ज्याचे शरीर एक सांगते आणि मन दुसरेच सांगते, असे लेकरू इंझोरीसारख्या गावातही जन्माला येते. मग ते मोठे होऊन गावात दिसत का नाही? या एका प्रश्नाचे उत्तर तिन्ही पिढ्यांनी टाळले आहे.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शिवीत कोंबल्या जातात. ज्याच्या देहाची ठेवणच जन्मतः स्त्री की पुरुष हे स्पष्ट सांगत नाही, तो एक. फिकहच्या ग्रंथांत त्याला 'खुन्सा' म्हटले आहे. ज्याचा देह स्पष्ट आहे, पण ज्याचे मन त्या देहाला आपला मानत नाही, तो दुसरा. मराठीत आता त्याला पारलिंगी म्हणतात. आणि गुरू-चेल्याची परंपरा पाळून घराण्यात राहणारा हिजडा समाज ही तिसरी गोष्ट. तो समाज आहे, शरीराचा प्रकार नव्हे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात, पण त्या एक नाहीत. ज्या समाजाला हा फरक ठाऊक नाही, त्याने 'आम्हाला समजले' असे म्हणू नये.

आता आजोबांच्या पिढीकडे येऊ. त्या पिढीची समजूत साधी होती: अल्लाहने असे घडवले, त्याची मर्जी. हिजडे बधाईला आले की घरातली म्हातारी तान्हे मूल त्यांच्या ओटीत देई, सुपात धान्य घाली, वर पैसे ठेवी. त्यांची दुवा लागते आणि बद्दुवाही लागते, हा विश्वास हिंदूंच्या घरात जसा होता तसाच मुसलमानांच्या घरात. या वागण्यात तुच्छता कमी होती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यात घरोबा होता काय? ज्यांच्या ओटीत आपले मूल दिले त्यांना घोटभर पाणी देऊन ओसरीवर तरी बसवले काय? दुवा दारात घ्यायची आणि दार लावून घ्यायचे, हा तो आदर होता. आणि आपल्याच घरातला पोरगा बांगड्यांकडे बघायला लागला की हाच आदर काठीचे रूप घेई. मग एके दिवशी पोरगा नाहीसा होई. 'मुंबईला गेला' एवढेच सांगितले जाई. तो कुठे गेला हे सगळ्या गावाला ठाऊक असे आणि त्याचे नाव कोणी काढत नसे.

या जुन्या आदराची हल्ली फार फुशारकी मारली जाते. आपल्या संस्कृतीत त्यांना मानाचे स्थान होते, असे एक बाजू म्हणते. आपल्या बादशाहीत ख्वाजासरा मोठमोठ्या हुद्द्यांवर होते, असे दुसरी. दोन्ही बाजूंना आमचे सांगणे आहे की जरा इतिहास उघडा. १३०७ साली देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर अलाउद्दीन खिलजीचा सेनापती होता हे खरे. पण तो गुजरातेत पकडलेला, खच्ची केलेला गुलाम होता हेही तितकेच खरे. माणसाला कापून मग त्याला हुद्दा देणे याला मान म्हणत नाहीत. मराठा राज्यात हिजड्यांना वतने होती, ठरलेल्या गावांतून भिक्षा मागण्याचा हक्क होता, हेही खरे. पण तो हक्क भिक्षेचाच होता. कंपनी सरकारने तोही काढून घेतला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची पोलीस नोंदवही सुरू केली.

आणि हे पाप एकट्या इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. आमच्या वाशीमला लागून असलेले हिंगोली-परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात १३२९ फसली, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, हिजड्यांविषयीचा कायदा झाला. हिजडा बायकी वेषात रस्त्यावर दिसला तर वॉरंटाशिवाय पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैदेत टाकावे, अशी त्यात सोय होती. मुसलमान राजाने इंग्रजांच्या कायद्याचा कित्ता गिरवला. हा कायदा कागदावर किती वर्षे जिवंत राहिला? तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला तो २०२३ साली! दुवा घेणारे आजोबा आणि हा कायदा एकाच काळातले. तेव्हा जुन्या काळाच्या आदराचे पोवाडे आमच्यापुढे कोणी गाऊ नयेत.

बापाच्या पिढीने शाळा पाहिली, एस.टी. पाहिली, टॉकीज पाहिली. तिने 'अल्लाहची मर्जी' ही समजूत सोडली आणि तिच्या जागी दोन नव्या समजुती आणल्या. एक म्हणजे ही वाईट संगत आहे, आणि दुसरी म्हणजे हा आजार आहे. आजार म्हणण्याला आधार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत पारलिंगी असणे मानसिक विकारांच्या प्रकरणात घातलेले होते. सिनेमानेही हातभार लावला. १९९१ च्या 'सडक'मध्ये हिजडा म्हणजे पोरी विकणारा खलनायक. सहाच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने, महेश भट्ट यांनी, 'तमन्ना'मध्ये टाकून दिलेल्या मुलीला पोटच्या पोरीसारखी वाढवणारा हिजडा दाखवला. लोकांच्या लक्षात राहिला तो 'सडक'. तमाशापटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेरही लोकांनी तेच समजावे, यातच त्या पिढीची समज दिसते. फडावर नाच्याला टाळ्या द्यायच्या, शाळेत तसाच चालणाऱ्या पोराला 'बायल्या', 'छक्का' म्हणून रडवायचे आणि मोर्चात साहेबाच्या टेबलावर बांगड्या ठेवून त्याची मर्दानगी काढायची, हे सारे एकाच पिढीने केले.

या पिढीचा सर्वांत मोठा गुन्हा मात्र वेगळाच आहे. आजार म्हटला की इलाज आला, आणि तिने शोधलेला इलाज होता लग्न. 'लगीन लावून द्या, पोरगं ठिकाणावर येते' हे वाक्य वऱ्हाडात कोणी ऐकले नसेल असे आम्हाला वाटत नाही. एका जिवाला मारून-मुटकून नवरा बनवायचे आणि दुसऱ्या घरची, काहीच ठाऊक नसलेली पोर त्याच्या गळ्यात बांधायची. मूल झाले नाही की दोष तिचा. तिने तोंड उघडले की बेइज्जती तिच्या माहेरची. अशा लग्नांत दोन आयुष्ये जळतात आणि निकाह पढवणारे, जेवणावळी झोडणारे सगळे हात धुऊन मोकळे होतात. जो समाज उठताबसता इज्जतीची भाषा बोलतो त्याला या पोरीची इज्जत कधी दिसली नाही.

आणि जिथे जन्माने मुलगी असलेले लेकरू 'मी मुलगा आहे' असे म्हणते, तिथे तर कोणी ऐकूनही घेत नाही. पोराला निदान पळून जाता येते; घराण्यात सामील होता येते. पोरीला कोणते घराणे? तिचे पंधरा-सोळाव्या वर्षी हात पिवळे केले की विषय संपला. म्हणून गावाला वाटते की असे लोक म्हणजे साडी नेसलेले पुरुषच. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी हा समज मोडला. ललिता या नावाने ते पोलिसात भरती झाले होते. शस्त्रक्रियेसाठी रजा मिळाली नाही म्हणून २०१७ साली त्यांनी उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. २०१८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष म्हणून नोकरीत राहिले. हे अमेरिकेत घडले नाही. मराठवाड्यातल्या एका गावाकडच्या पोराच्या बाबतीत घडले.

'ही पश्चिमेची फॅशन आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी आम्ही मुद्दामच मुसलमान मुलखांची उदाहरणे देतो. १९८८ साली कैरोच्या अल-अझहर विद्यापीठातल्या वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने शस्त्रक्रिया करून स्त्रीदेह स्वीकारला आणि सॅली हे नाव घेतले. मोठा गहजब झाला. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी फतवा दिला: विश्वासू वैद्य सांगत असेल आणि देहात दडलेले स्त्रीपण वा पुरुषपण उघड करायचे असेल तर शस्त्रक्रिया जायज, नुसत्या हौसेसाठी नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने त्याचा अर्थ लावला. इराणमध्ये मरियम मोलकारा या पारलिंगी स्त्रीच्या चिकाटीमुळे खुद्द आयतुल्ला खोमेनींनी शस्त्रक्रियेला परवानगी देणारा फतवा दिला, तोही १९८० च्या दशकात. म्हणजे आमच्या गावात 'सडक' पोहोचण्याआधीच या प्रश्नावर उलेमांची चर्चा झालेली होती!

पण इराणचे गोडवे गाण्याचाही आमचा विचार नाही. तिथे शस्त्रक्रियेची सोय आहे. शस्त्रक्रियेवाचून आपल्या मनाप्रमाणे जगण्याची सोय नाही. चाकूखाली जा, मगच तुला माणूस मानू, ही अटसुद्धा एक जबरदस्तीच आहे. पाकिस्तानने २०१८ साली स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क देणारा कायदा केला आणि २०२३ साली तिथल्या फेडरल शरियत न्यायालयाने त्यातली नेमकी तीच कलमे शरियतविरोधी ठरवली. तेव्हा 'इस्लाम याला मानतो' किंवा 'इस्लाम याला मानत नाही' असे एका दमात कोणी सांगू लागला तर त्याला वाचन वाढवायला सांगावे. अल्लाहच्या निर्मितीत बदल करू नये, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्या आक्षेपावर उलेमांमध्ये मतभेद आहेत हेही आम्हाला ठाऊक आहे. मुखन्नसाविषयी लिहिताना इमाम नववींनी स्वभावतःच तसा असलेला आणि सोंग आणणारा असा भेद केला आणि पहिल्याला दोष दिला नाही. सात-आठशे वर्षांपूर्वीचा माणूस जो भेद करू शकतो तो आजच्या मोहल्ल्याला जमू नये?

तिसऱ्या पिढीच्या हातात कायदा आला. २०११ च्या जनगणनेने प्रथमच स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा रकाना ठेवला. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे त्यात नोंदली गेली. घरच्यांनी लपवलेली किती, ते ज्याचे त्याने ओळखावे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि आपले लिंग ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे असे सांगितले. २०१८ साली कलम ३७७ चा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा फास सुटला. २०१९ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात ओळखपत्राचा दाखला जिल्हाधिकाऱ्याच्या हाती ठेवला गेला आणि आपली ओळख स्वतः सांगण्याच्या हक्काला कचेरीचे कुलूप लागले, अशी टीका खुद्द या समाजानेच केली. २०२२ च्या सुरुवातीपासून जागतिक आरोग्य संघटनेची नवी यादी लागू झाली. तिने हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढला. बापाच्या पिढीचा 'आजार' अशा रीतीने पुस्तकातून गेला.

या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने कमला जान यांना महापौर म्हणून निवडून दिले होते. पद महिलांसाठी राखीव आणि कमला जान स्त्री नव्हेत, म्हणून त्यांची निवड रद्द झाली आणि २००३ साली उच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेवली. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेवर अंजली गुरू संजना जान यांचा अर्ज असाच फेटाळला गेला. २०२१ च्या जानेवारीत औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवू दिली आणि गावाने त्यांना निवडून दिले. त्याआधी २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केले होते. सुधारणा शहरातून गावात झिरपते असे समजणाऱ्यांनी ही गावे नीट पाहावीत.

या नावांकडेही लक्ष द्या: जान, शेख. कवयित्री दिशा पिंकी शेख यांचे नाव आज महाराष्ट्राला परिचित आहे. हिजड्यांच्या बऱ्याच घराण्यांत जन्माचा धर्म कोणताही असो, मुसलमानी नाव आणि रिवाज चालतात. मुर्तिजापूर-अकोल्याच्या गाडीत टाळी वाजवणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात ईदला आपल्यासारखेच दुवेसाठी उठतात. ज्यांनी आपली नावे घेतली त्यांना आपण काय दिले? ज्या समाजाला स्वतःला भाड्याने घर मिळत नाही म्हणून तो, रास्तच, तक्रार करतो, त्या समाजाच्या मोहल्ल्यात त्यांना भाड्याने खोली मिळते काय?

आता मूळ मुद्द्यावर येतो. खुन्साच्या वारशाचे प्रकरण फिकहच्या जुन्या ग्रंथांत आहे आणि आमच्या मते तेच या विषयातले सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. त्याला मुलाचा हिस्सा द्यावा की मुलीचा? इमाम अबू हनीफांचे मत, दोहोंपैकी जो कमी असेल तो. इतरांचे मत, मुलाच्या हिश्श्याचा अर्धा आणि मुलीच्या हिश्श्याचा अर्धा मिळून. नमाजात त्याची सफ कुठे, हेही ठरवले गेले: पुरुषांच्या मागे, स्त्रियांच्या पुढे. हे सारे देहाने संदिग्ध असलेल्यांविषयी आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्यातली वृत्ती बघा. किती द्यावे यावर वाद झाला; द्यावे की नाही यावर झाला नाही. उभे कुठे करावे यावर चर्चा झाली. मशिदीबाहेर काढावे असे त्या चर्चेत कोणी म्हटले नाही. आणि आज? ज्या घरांत बहिणींकडूनच हक्कसोड लिहून घेतला जातो त्या घरांत 'मुंबईला गेलेल्या' लेकराचा हिस्सा कोण काढून ठेवणार? शरियतच्या नावाने ज्या लेकराला हाकलले, त्याच शरियतने दिलेला हिस्सा भावांनी आपसांत वाटून घेतला. ही धर्मनिष्ठा नाही, ही जमिनीची हाव आहे. तिला मजहबची टोपी घालू नका.

सरकारी कायद्यानेही इथे हातचे राखूनच ठेवले. केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आईबापांपासून वेगळे करता येणार नाही, असे २०१९ च्या कायद्यात लिहिले गेले. हे चांगले झाले. पण घरच्यांना सांभाळणे जमत नसेल तर न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असेही त्यातच लिहिले. वारशाविषयी त्या कायद्यात एक अवाक्षर नाही. दाखला मिळाला, घर मिळाले नाही.

आज आपली पोरे मोबाईलवर सगळे पाहतात. गौरी सावंत यांचे नाव त्यांना आजोबांपेक्षा आणि बापापेक्षा जास्त ठाऊक आहे. योग्य शब्द त्यांच्या तोंडी आहेत. पण मोबाईलवरच्या परक्या माणसाला मान देणे सोपे असते. परीक्षा तेव्हा, जेव्हा सख्खा भाऊ रात्री अंथरुणात हळूच सांगतो की 'मैं वो नहीं हूँ, जो तुम समझते हो.'

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. इमामसाहेबांनी एका जुम्म्याच्या बयानात सांगावे की लेकराला घराबाहेर काढणे हा जुलूम आहे. गुरुजींनी वर्गात 'छक्का' हा शब्द ऐकला तर हसू नये, थांबवावे. लग्नाला इलाज समजणाऱ्या घरात पंचांनी जेवायला जाऊ नये. ग्रामसभेने रेशन कार्डावरून असे एकही नाव कमी होऊ देऊ नये. आणि आईबापांनी, जिवंत असेपर्यंत, चार माणसांसमोर सांगून ठेवावे की हेही आमचेच लेकरू आहे आणि शेतात, घरात आणि कबरस्तानात त्याचा वाटा आहे.

आजोबांनी दुवा घेतली, बापाने दवा दिली, आताच्या पिढीने दाखला दिला. वाटा कोणीच दिला नाही. ज्या दिवशी इंझोरीसारख्या गावात वाटणीच्या कागदावर त्या लेकराचे नाव भावांच्या नावांशेजारी लिहिले जाईल, त्या दिवशी समज बदलली असे आम्ही मानू. तोवर दृष्टिकोन बदलल्याच्या बाता आम्हाला कोणी सांगू नयेत.